कथेच्या आकलनासाठी काही मूलभूत वाङ्मयीन संज्ञा

प्रस्तावना :
पदवी स्तरावरील कथेच्या अध्यापनात कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष व निवेदन या संज्ञा बहुधा सुट्या सुट्या शिकविल्या जातात. परिणामी विद्यार्थी व्याख्या पाठ करतात; कथा मात्र वाचावयाची राहून जाते. वस्तुतः संज्ञा म्हणजे कथेला विचारावयाचे प्रश्न होत. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेच्या आधारे प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही संज्ञांचा विचार केला आहे.

घटनाक्रम व कथानक :
ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली मांडलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर घटनाक्रम देतो, तर ‘का झाले?’ याचे उत्तर कथानकातून मिळते. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला दलित तरुण जात लपवितो, ती उघड होते आणि त्याला मारहाण होते, हा घटनाक्रम होय. जात सांगितल्यास निवारा नाही आणि लपविल्यास सुरक्षितता नाही, ही कोंडी कथानकाचा कणा आहे.

वातावरण व संघर्ष :
या कथेतील परके गाव ही केवळ पार्श्वभूमी नव्हे. जागा मिळण्याचा प्रश्नच संघर्षाला जन्म देतो. मारहाण हा बाह्य संघर्ष, तर स्वाभिमान व भय यांतील ओढाताण हा आंतरिक संघर्ष होय.

निवेदक :
कथेतील ‘मी’ म्हणजे लेखक, असे समीकरण मांडणे घाईचे ठरते. ‘चोरली होती’ या क्रियारूपामुळे भोगणारा ‘मी’ आणि नंतर सांगणारा ‘मी’ यांत अंतर पडते. शिवाय ‘लपविली’ऐवजी ‘चोरली’ हा शब्द समाजाचा आरोपच निवेदकाच्या तोंडी घालतो. त्यातील उपरोध निवेदकाकडे लक्ष दिल्याखेरीज उमगत नाही.

समारोप :
हाच घटनाक्रम मारणाऱ्यांपैकी एकाने सांगितला असता, तर ती एका ‘फसवणुकी’ची हकिकत झाली असती. निवेदक बदलताच कथानक, संघर्ष आणि सहानुभूतीचे केंद्र बदलते. म्हणून कथेच्या अध्यापनाचा आरंभ ‘कथा कोण सांगतो?’ या प्रश्नाने करणे अधिक फलदायी ठरेल. इतर संज्ञा त्यामागोमाग आपोआप अर्थपूर्ण होतात.