समजूतदार मुलगा

गेल्या आठवड्यात एका शिक्षिकेचे पत्र आले. त्यांच्या सहावीच्या वर्गातील एक मुलगा पहिल्या तासाला हमखास झोपतो, डबा आणत नाही, पोट दुखते म्हणून घरी जायला मागतो. चौकशी केल्यावर कळले, की त्याची आई रात्र रात्र जागते आणि एकटीच बोलत बसते. ‘मुलगा मात्र फार समजूतदार, सगळे घर तोच सांभाळतो,’ असे बाईंनी कौतुकाने लिहिले आहे. त्या वाक्यापाशी मी अडलो. हडपसरमध्ये १९७४ साली असाच एक समजूतदार मुलगा होता. तो मी.

वडील कारखान्यात, तिन्ही पाळ्यांत. मी नऊ वर्षांचा, बहीण चार वर्षांची. शेजारी पाण्यात विष कालवतात, असे आईला वाटे. नळाला पाणी आले की मी हंडे भरायचे आणि शाळेतून परत येईपर्यंत तिने ते मोरीत ओतलेले असायचे. मग पुन्हा हंडा उचलायचा. रात्री ती दाराला कडी घालून कोणाशी तरी भांडे, तेव्हा मी बहिणीच्या कानांवर हात धरून बसे. देवऋषी झाले, उतारे झाले, गंडेदोरे झाले. त्यात दोन वर्षे गेली.

त्याच वर्षी पालख्यांच्या दिवशी आई गर्दीत निघून गेली. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरला. वडील एका रस्त्याने गेले, मामा दुसऱ्या. मी गाडीतळावर उभा राहून प्रत्येक बाईचा चेहरा न्याहाळत होतो. आई संध्याकाळी लोणीच्या वाटेवर एका झाडाखाली सापडली. सकाळी मी तिला उलट बोललो होतो, म्हणूनच ती गेली, असे मी धरून चाललो. हा समज पुढे पाच वर्षे टिकला, कारण मला कोणी काही विचारलेच नाही.

लहान मुलाचे मन असेच चालते. घरात काही बिघडले आणि त्याचे कारण कोणी सांगितले नाही, तर मूल ते कारण स्वतःत शोधते. ‘पोरांना काय कळते?’ म्हणून मोठी माणसे गप्प बसतात. पोरांना बिघाड पुरेपूर कळतो, कळत नाही ते फक्त त्याचे नाव.

माझ्या आईचा आजार होता छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया. साधारण शंभरात एका माणसाला तो आयुष्यात कधीतरी होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय घट्ट धरून बसतात, झोप उडते. हा मेंदूचा विकार आहे. तो करणीने होत नाही आणि मुलाच्या उलट बोलण्यानेही होत नाही. त्यावरची पहिली गुणकारी औषधे १९५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. आईला दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन सुरू झाले आणि काही महिन्यांनी नळाचे पाणी ती स्वतः भरू लागली.

‘मलाही हे होईल का?’ हा प्रश्न अशा घरातले प्रत्येक मूल मनात बाळगते. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात सुमारे दहा असते. म्हणजे नव्वदांना होत नाही. गांजाने हा धोका वाढतो, तेव्हा अशा घरातील तरुणांनी त्याच्या वाटेलाही जाऊ नये.

मी चौदा वर्षांचा असताना आईच्या डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवले आणि म्हणाले, ‘हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणे तुझे काम नाही. गोळ्या देणे वडिलांचे काम, तू अभ्यास कर.’ दोन मिनिटेसुद्धा लागली नसतील. मी बसस्टॉपवर येऊन खूप रडलो. पुढे मी डॉक्टर झालो, त्याचे मूळ बहुधा त्या स्टुलावर आहे.

पण त्या आधीची पाच वर्षे तगलो ते शेजारच्या काकूंमुळे. आई ज्यांच्यावर संशय घेई, त्यांतल्याच त्या एक. त्यांनी कधी चौकश्या केल्या नाहीत. ‘चल रे, भाकरी गरम आहे,’ एवढेच म्हणत. त्यांच्या ओट्यावर मी अभ्यास करीत असे, बहीण तिथेच झोपी जाई.

हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या संशोधिकेने अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचा मानसिक आजार अशी अनेक ओझी एकत्र वाहणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती माणसे झाली. अशा मुलांच्या आयुष्यात आजी, शिक्षक, शेजारी असे निदान एक तरी मायेचे, भरवशाचे माणूस होते. हे वाचताना मला काकूंचा ओटा दिसला.

आता त्या कौतुकाबद्दल. ‘किती शहाणा!’ हे शब्द मला फार गोड लागत, म्हणून मी थकलो असे कधी म्हणालो नाही. घरातली चार कामे मुलाने जरूर करावीत, पण आईवर पहारा ठेवणे, तिला औषध घ्यायला लावणे, धाकट्यांची आई होणे ही मुलाची कामे नव्हेत. मोठेपणी अशा मुलांना आईवर माया असते आणि रागही असतो, शिवाय त्या रागाची लाजही वाटते. माझ्या बहिणीला आजही आतून कडी लावलेल्या खोलीत झोप येत नाही.

तेव्हा बाई, त्या मुलाला वर्गात घरचे काही विचारू नका. शाळा सुटल्यावर नकाशे गुंडाळायला थांबवा, सोबत काही खायला द्या. पहिल्या तासाला झोपला तर झोपू द्या. वडिलांना वेगळे बोलावून आईला मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला सांगा. कुठे जायचे हे कळत नसेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही. घरात मारहाण होत असेल किंवा मूल उपाशी राहत असेल, तर १०९८ वर कळवा. रात्री प्रसंग आलाच तर धाकट्यांना घेऊन कोणाच्या दारात जायचे, ते घर आजच ठरवा आणि त्या घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि आजाराचे नाव त्याला वडिलांच्या तोंडून कळू द्या. त्यांना जमत नसेल, तर दोघांना माझ्याकडे पाठवा. स्टूल आहे.