ओट्यावर उघडे राहणारे पुस्तक

महाराष्ट्रातील लहान गावाच्या सार्वजनिक वाचनालयात पाककृतींच्या पुस्तकाचे स्थान इतर ग्रंथांपेक्षा वेगळे आहे, कारण कादंबरी किंवा चरित्र वाचकाच्या घरी झोपाळ्यावर, माजघरात किंवा उशाशी वाचले जाते, तर हे पुस्तक थेट स्वयंपाकघरात शिरते आणि फोडणी, वाफ व कणकेचे हात यांच्या शेजारी उघडले जाते. ते परत येते तेव्हा त्याच्या पानांवर हळदीची बोटे आणि तेलाचे पारदर्शक ठिपके असतात, तर समासात पेन्सिलीच्या खुणा असतात. वाचनालयाच्या नियमांनुसार ही पुस्तकाची खराबी ठरते. पण पुस्तक खरोखर उपयोगी पडले याचा याहून भक्कम पुरावा मिळणे अवघड आहे. असे पुस्तक पुन्हा देवघेवीच्या लायक करण्याचे काम पुस्तकबांधणीचा कारागीर, ज्याला गावोगाव बाइंडर म्हणतात, तो करतो, आणि त्याच्या कसबाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके कधीही गेलेले नाही.

वाचनालयांचा औपचारिक इतिहास मोठा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये सुरू झाले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये भारतातील पहिला ग्रंथालय कायदा केला. आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांना वार्षिक अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. या इतिहासात संस्थापक, देणगीदार आणि इमारती यांची नोंद सापडते. देवघेवीच्या टेबलावर सायंकाळी बाजाराची पिशवी टेकवून, एक कादंबरी सासूबाईंसाठी आणि एक पाककृतींचे पुस्तक स्वतःसाठी नेणारी वाचक मात्र त्यात दिसत नाही, जरी संस्थेची वर्गणी वर्षानुवर्षे तिच्यासारख्यांनीच भरलेली असली तरी.

मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपराही जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, तर लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. पुढे दशमान वजनमापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम आणि तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम हे हिशेब घरातून हळूहळू हटले आणि जुन्या पुस्तकांतील प्रमाणे नव्या पिढीला परकी वाटू लागली. कमलाबाई ओगले यांच्या १९७० मधील ‘रुचिरा’चे मोठेपण या पार्श्वभूमीवर नीट कळते: वाटी आणि चमचा हीच मापे धरून लिहिलेल्या कृतींना तराजूची गरज उरली नाही, आणि घरोघरची वाटी लहानमोठी असली तरी एकाच वाटीने सर्व जिन्नस मोजले की त्यांचे परस्परांशी प्रमाण बिघडत नाही. मापाची ही सोय इतकी सहज आहे की तिच्यामागचा विचार चटकन लक्षात येत नाही.

वाचनालयाच्या दृष्टीने या पुस्तकांचा हंगाम दिवाळीपूर्वीचा. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ आणि मूग डाळ किती घ्यायची हे पाहण्यासाठी पुस्तक तासाभरासाठीही पुरते; अनारशांचे तसे नाही. त्यांचे तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून, भिजवावे लागतात, मग वाळवून, कुटून, गूळ किंवा साखर घालून केलेले पीठ आणखी काही दिवस मुरू द्यावे लागते, आणि तळणीच्या वेळी अनारसा तुपात विरघळला तर कारण शोधायला पुस्तक पुन्हा लागते. आठवड्याच्या मुदतीत हे सारे बसत नाही. म्हणून पुस्तकाची मुदत वाढवून घेतली जाते किंवा कृती वहीत उतरवून घेतली जाते, आणि वाचनालयाच्या एका प्रतीपासून गावात किती वह्या तयार झाल्या याची गणना कोणत्याही अहवालात होत नाही.

आता बांधणीकडे वळता येईल. छापखान्यात मोठा कागद घडी घालून बहुधा सोळा पानांचा एक गठ्ठा करतात. त्याला जुज म्हणतात, आणि अशा जुजांच्या घडीतून दोरा ओवून सर्व जुज एकमेकांना शिवण्याच्या पद्धतीला जुजबंदी म्हणतात. दुरुस्तीसाठी आलेल्या पुस्तकाचा कारागीर प्रथम जुना पुठ्ठा सोडवतो, पाठीवरचा वाळलेला थर ओला करून खरवडतो, जुज सुटे करतो आणि घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावतो. मग गठ्ठा सारखा करून, शिकंज्यात म्हणजे मळसूत्र फिरवून दाब देणाऱ्या चौकटीत धरून, पाठीवर करवतीने उथळ खाचा पाडतो. या खाचांत दोऱ्या बसतात आणि शिवणीचा दोरा प्रत्येक जुजाच्या पोटातून बाहेर येऊन दोरीला वळसा घालून पुन्हा आत जातो. दोरा फार ताणला तर कागद चिरतो आणि सैल राहिला तर पुस्तक लुळे पडते; हा ताण बोटांनाच कळतो.

पाठीला लावायची खळ मैद्याची असते. कढईत पाणी आणि मैदा गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचे, हे काम स्वयंपाकघरातल्यासारखेच आहे, फक्त शेवटी त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे निळसर रंगाचे विषारी तांबेक्षार, घातले जाते. कारण मैदा माणसाप्रमाणेच झुरळाला आणि कसर या चंदेरी, कागद खाणाऱ्या किड्यालाही आवडतो. डागांशी मात्र कारागिराला जपून वागावे लागते. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्याच उन्हाने पिवळा आणि ठिसूळ होतो. साबणाचा हात लागला तर हळद लाल होते. आणि तेलाच्या डागावर खडूची पूड पसरून वजन ठेवले तर ताजे तेल बऱ्यापैकी शोषले जाते, जुने नाही. जाणता कारागीर म्हणूनच डाग बहुतेक तसेच ठेवतो आणि शिवण पक्की करतो, आणि हा निर्णय योग्यच आहे, कारण डागाखालचे अक्षर वाचता येते, निखळलेल्या पानावरची कृती मात्र कायमची जाते.

या सर्व श्रमाचे उद्दिष्ट एकच: जुजबंदीचे पुस्तक मधोमध उघडले की ओट्यावर सपाट पडून राहते. कादंबरी दोन्ही हातांत धरता येते; पाककृती वाचणारीचे हात मात्र पिठात असतात. पुस्तक आपणहून उघडे राहणे ही तिच्यासाठी चैन नसून गरज आहे, आणि बांधणीचे हे साधे यश वाचकाच्या लक्षातही येत नाही इतके ते पूर्ण असते.

हीच गोष्ट आज धोक्यात आहे. अलीकडची बहुसंख्य स्वस्त पुस्तके ‘परफेक्ट बाइंडिंग’ या पद्धतीने बांधली जातात, म्हणजे जुजांच्या घड्या कापून टाकून सुट्या पानांची कडा गरम गोंदाने कव्हराला चिकटवली जाते. दोरा नाही, घडी नाही. स्वयंपाकघराच्या उष्णतेत आणि वारंवार उघडमिटीत हा गोंद कालांतराने तडकतो व पाने पत्त्यांसारखी निसटतात. अशा पुस्तकाला पुन्हा जुजबंदी करता येत नाही, कारण ज्या घडीतून दोरा जायचा तीच उरलेली नसते. कारागिरापुढे मार्ग उरतो तो आरपार टाक्यांचा, म्हणजे कडेपासून थोडे आत छिद्रे पाडून पूर्ण गठ्ठा वरून खाली शिवण्याचा. असे पुस्तक टिकते, पण समास गिळते आणि सपाट उघडत नाही.

वाचनालयाची अडचण पैशांची आहे. अनुदानातून कर्मचाऱ्यांचे वेतन, नवे ग्रंथ, नियतकालिके आणि वीज हे सर्व भागवायचे असते. लहान वाचनालयात एकच व्यक्ती ग्रंथपाल, लिपिक आणि झाडूवाली अशा तिन्ही भूमिका पार पाडते, आणि तिचे मानधन तिच्या कामाच्या मानाने अन्यायकारक म्हणावे इतके अल्प आहे. बांधणीचा खर्च नव्या पुस्तकाच्या किमतीजवळ पोचला की दुरुस्ती मागे पडते आणि पुस्तक बाद करण्याची नोंद होते. बांधणीचे काम कमी झाल्याने कारागीर लग्नपत्रिका, बिलबुके आणि प्रबंधांच्या बांधणीकडे वळतो, मुलाला हा व्यवसाय शिकवत नाही, आणि मग ज्या पुस्तकाला जुजबंदी शक्य आहे त्यालाही ती करणारे हात गावात मिळत नाहीत. पाककृती मोबाइलवर पाहता येते, पण पिठाच्या बोटाने विझलेला पडदा पुन्हा उजळवणेही सोपे नसते, आणि आधीच्या वाचकाने समासात लिहिलेले ‘गूळ कमी’ तिथे भेटत नाही.

आरपार टाक्यांचे पुस्तक मग घरी जाते आणि ओट्यावर उघडल्याबरोबर मिटू लागते. त्याच्या एका पानावर मिठाची बरणी आणि दुसऱ्यावर लाटणे ठेवले जाते, पाठीवर ताण येतो, आणि पुढच्या वेळी परत येताना ते बरोबर त्याच पानाशी दुभंगलेले असते.