वाटेवरचा पैसा

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखादी गृहिणी चकलीची भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ घरी तयार करून संकेतस्थळावरून पुण्या-नागपूरच्या मराठी घरांना विकू लागली, असे समजू. मागणी येते, डबा रवाना होतो. पण ग्राहकाने कार्डाने दिलेला पैसा तिच्या खात्यात थेट येत नाही. मध्ये एक संस्था असते. तिला पेमेंट ॲग्रिगेटर म्हणतात. पूर्वी हुंडी घेणारा व्यापारी सराफाची पत पाहत असे. आज हीच पारख या मध्यस्थाची करावी लागते.

प्रथम दराचा विचार. क्रेडिट कार्डावर शेकडा २ शुल्क आहे असे धरले, तर ३,००० रुपयांच्या मागणीवर ६० रुपये जातात. त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी १० रुपये ८० पैसे. हाती २,९२९ रुपये २० पैसे येतात. एवढ्या मालावर नफा ४५० रुपये असेल, तर त्याचा जवळजवळ सहावा हिस्सा वाटेतच सरला! यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील व्यापारी शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे; तरी मध्यस्थ आपल्या सेवेचे वेगळे शुल्क लावतो काय, हे करारात पाहणे इष्ट.

परंतु दर हीच एकमेव कसोटी मानणे घातक ठरते. डाळ, तेल, तूप यांची खरेदी रोखीने होते; विक्रीची रक्कम आठवडाभर अडकली, तर सणाच्या ऐन गर्दीत भांडवल संपते. म्हणून पैसा किती दिवसांत जमा होतो आणि कोणत्या कारणाने रोखून धरला जातो, हे आधी विचारावे. माल मिळालाच नाही अशी तक्रार ग्राहकाने आपल्या बँकेकडे केली, तर दिलेली रक्कम परत ओढली जाऊ शकते. अशा वेळी डबा पोचल्याची पावती हाच विक्रेत्याचा आधार. ती सादर करण्यास किती मुदत मिळते व वादाचा आकार किती, हेही करारातच असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अधिकृततेची. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने या संस्थांसाठी नियम घालून दिले. बँकेतर संस्थेला परवानगी घ्यावी लागते आणि विक्रेत्यांचा पैसा स्वतःच्या पैशात न मिसळता बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. तसेच ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाचा कार्ड क्रमांक जतन करता येत नाही. त्याच्या जागी सांकेतिक टोकन वापरतात. क्रमांक वहीत टिपून ठेवण्याचा सल्ला देणारा मध्यस्थ दारातूनच परत पाठवावा.

अर्ध्या टक्क्याच्या सवलतीने वर्षाकाठी थोडे रुपये वाचतील. पण अनधिकृत हाती गेलेली एका दिवाळीची विक्री पुढील दिवाळीपर्यंतही भरून निघणार नाही. लहान व्यवसायाने सर्वांत स्वस्त मध्यस्थ शोधण्यापेक्षा, जो पैसा वेळेवर आणि हिशेबासह घरी पोचवील, असाच मध्यस्थ निवडावा.