पोलोला जेट्टाची चाकं? आधी पीसीडी बघा!

"भाऊ, दोन्हीला पाचच बोल्ट, बसतील की!" नाही बसत. पीसीडी म्हणजे बोल्टच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. आपल्याकडच्या पोलोचा 100 मिमी, जेट्टाचा 112. म्हणजे प्रत्येक भोक 6 मिमी बाहेर! मधलं भोक मात्र दोन्हीकडे 57.1 मिमी, तेवढंच नशीब.

मग अडॅप्टर. ही जाड चकती आधी हबवर आवळायची, मग तिच्यावर चाक. पण चकती 20 मिमीची असेल तर चाकही तेवढंच बाहेर सरकतं. टायर फेंडरला घासू शकतो, बेअरिंगवर ताण येतो.

हबलाच नवी भोकं पाडून देणारेही भेटतात. मी तरी तिथून गाडी वळवेन.

अडॅप्टर घेतलाच, तर हब-सेंट्रिक, म्हणजे मधल्या भोकाशी नेमका जुळून बसणारा घ्या, बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.