गिटारसाठी व्हॉल्व्ह ॲम्प घेताना : वॉट, स्वर आणि अर्थिंग



मागच्या महिन्यात पालकसभा आटोपल्यावर दहावीतल्या एका मुलाचे वडील मागे थांबले. अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. मोबाईल पुढे करून म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून विचारतो. पोरासाठी हा ॲम्प घेऊ का? जुना आहे, पण अमेरिकन आहे. पंच्याऐंशी वॉटचा. वॉट जास्त तेवढा चांगला ना?" फोटोत फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब होता. मुलगा शेजारीच उभा, 'बाई, हो म्हणा' असा चेहरा करून.

मी लगेच हो म्हटलं नाही. "दोन दिवस द्या," म्हणाले. तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत गिटारच्या क्लासला जाणारी मुलं आता पुष्कळ आहेत. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याकडेही येणार.

आधी एक गैरसमज दूर करू. ॲम्प म्हणजे आवाज नुसता मोठा करणारं यंत्र, असं आपल्याला वाटतं. सभेच्या माईकपुरतं ते खरंही आहे. इलेक्ट्रिक वाद्याचं मात्र तसं नसतं. इथे ॲम्प हा वाद्याचाच अर्धा भाग असतो.

हे समजायला लांब जायला नको. आपल्याकडची बेंजो पार्टी आठवा. गणपतीत, हळदीत जो बेंजो वाजतो तो मुळात बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानचा, ताईशोगोतो नावाचा. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तो १९१२ मध्ये तयार केला. टाईपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, तो ॲम्पला जोडला आणि ॲम्पपुढे भोंगे लावले. आता विचार करा, तोच बेंजो, तोच वादक, तेच गाणं, पण भोंग्याऐवजी घरातल्या म्युझिक सिस्टीमवर वाजवलं तर? सूर बरोबर येतील, पण मिरवणूक गायब! कारण भोंगा खालचे जाड सूर गिळतो आणि मधले सूर लांबवर फेकतो. ॲम्पवर ताण आला की आवाजाला जी धार येते, ती वेगळीच. आपण ज्याला 'बेंजोचा आवाज' म्हणतो तो तार, ॲम्प आणि भोंगा या तिघांनी मिळून केलेला असतो. नववीत ध्वनी शिकवताना स्वराचा पोत समजावायला मी हेच उदाहरण देते. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा कान टवकारतात.

गिटारचंही अगदी असंच आहे.

व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

आजी-आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा. लावला की लगेच बोलायचा नाही, आधी तापायचा. तोच हा व्हॉल्व्ह, पुस्तकी भाषेत निर्वात नलिका. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तंतू तापतो, त्याच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धन पट्टीकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गिटारकडून आलेला चिमुकला विद्युत संदेश या जाळीवर दिला की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. धरणाच्या दरवाजासारखं समजा : दरवाजा हलवायला जोर थोडा, पाणी मात्र प्रचंड. दोन टोकांचा व्हॉल्व्ह फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केला, त्यात जाळी घातली ती ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ-टीव्हीतून व्हॉल्व्ह गेला. गिटारवाल्यांनी मात्र तो सोडला नाही. का? तर त्याच्या एका दोषापायी! गिटार जोरात छेडली की व्हॉल्व्हला तो जोर पेलत नाही. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प अशा वेळी लाटेचा माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट करतो आणि आवाज करकरतो. व्हॉल्व्ह तोच माथा हळूहळू गोल करत नेतो. मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात आणि आवाज भरल्यासारखा, किंचित घोगरा होतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर गुरगुर. सगळं बोटांच्या ताब्यात. वादकाला हवं असतं ते हे. आणि हे केव्हा घडतं? व्हॉल्व्ह दमतो तेव्हा. ही गोष्ट लक्षात ठेवा, वॉटचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो.

वॉटचं गणित

वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट करावे लागतात. त्या वडिलांना मी वहीवर मांडून दाखवलं : पंच्याऐंशी वॉटचा ॲम्प साडेआठ वॉटच्या ॲम्पपेक्षा दहापट मोठा वाजत नाही, फार तर दुप्पट वाटतो. स्पीकरनेही फरक पडतो. तेवढ्याच वॉटला एक स्पीकर ९७ डेसिबल देत असेल आणि दुसरा १००, तर दुसरा लावणं म्हणजे फुकटात दुप्पट वॉटचा ॲम्प घेण्यासारखंच.

आता पंच्याऐंशी वॉटचा ॲम्प दमायचा कधी? तेवढा आवाज वाढवला तर शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतले पाहुणे उठून जातील. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तर विचारूच नका. म्हणजे मुलगा तो ॲम्प कायम एक-दोन आकड्यांवर वाजवणार, आणि ज्या आवाजासाठी एवढा खर्च केला तो त्याला कधी ऐकायलाच मिळणार नाही. (ट्विन वाईट नाही हं. मोठ्या आवाजातही लख्ख स्वच्छ राहायचं, हेच त्याचं काम. दहावीतल्या मुलाची गरज ती नाही, इतकंच.)

घरातल्या सरावाला ५ वॉट पुरतात. ड्रम असलेल्या बँडबरोबर हॉलमध्ये वाजवायचं तर १५ ते २२ वॉट पुष्कळ झाले. त्याहून मोठी जागा असेल, समजा अंबरनाथच्या शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलसारखं मोकळं मैदान, तर तिथे कोणताही ॲम्प एकटा पुरत नाही. ॲम्पच्या स्पीकरसमोर माईक ठेवून तो आवाज मोठ्या साऊंड सिस्टीमला देतात. व्यावसायिक वादकही हेच करतात. म्हणजे लांबपर्यंत पोचवणं हे साऊंडवाल्याचं काम, आपल्या ॲम्पने फक्त गोड वाजायचं.

'व्हिंटेज' म्हणजे कोणता?

दुकानात हा शब्द सारखा कानावर पडतो. १९५०-६० च्या दशकांतल्या काही ॲम्पचे आवाज लोकांच्या कानात बसले. आज नवे 'व्हिंटेज' ॲम्प बनतात ते त्याच आराखड्यांवर. मुख्य घराणी तीन. अमेरिकन फेंडर : स्वच्छ, मोकळा, चमकदार. यात ५ वॉटचा चॅम्प आणि २२ वॉटचा डीलक्स रिव्हर्ब जुने, १५ वॉटचा ब्लूज ज्युनिअर त्या मानाने अलीकडचा. इंग्लंडचा व्हॉक्स : घंटेसारखा किणकिणणारा. त्याचा एसी १५ हा १९५८ चा, पाठोपाठ एसी ३० आला. तिसरं घराणं लंडनच्या जिम मार्शल यांचं. त्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्याच बासमन ॲम्पचा आराखडा समोर ठेवून आपला पहिला ॲम्प केला आणि त्यातून रॉकचा जाड, गुरगुरणारा आवाज निघाला.

व्हॉक्समध्ये ईएल ८४ नावाचे व्हॉल्व्ह असतात. हा व्हॉल्व्ह मूळचा रेडिओतला. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी एके काळी व्हॉल्व्ह बनवायची आणि 'बेल'चे ते व्हॉल्व्ह आजही जुन्या रेडिओवाल्यांकडे निघतात. नवे मात्र मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. व्हॉल्व्ह बल्बसारखा झिजतो, कधीतरी बदलावा लागतोच. म्हणून घेण्याआधीच विचारून ठेवा : याचे व्हॉल्व्ह कुठे मिळतील आणि बदलून कोण देईल?

आता वीज. इथे जरा सावकाश वाचा

यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांनी लहान-लहान धंद्यांतून हे शहर उभं केलं, त्या कर्तबगारीचीच ती थट्टा. पण ॲम्पच्या पाठीवरचा 'यूएसए' खरा असेल तर सावध व्हा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तो ॲम्प आपल्या भिंतीतल्या प्लगला लावला तर आतली सगळी व्होल्टेज जवळपास दुप्पट होतात. नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर व्हॉल्व्ह, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर सगळंच. म्हणून पाठीवरची पट्टी स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून असा ॲम्प चालवता येतो, पण १५-२० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प स्वतः शंभर वॉटच्या वर वीज सहज ओढतो. ट्रान्सफॉर्मर त्याहून चांगला मोठा हवा. माझं मत विचाराल तर पहिला ॲम्प सरळ २३० व्होल्टचाच घ्या.

याहून महत्त्वाचं अर्थिंग. काही वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनात मी पडद्यामागे उभी होते. मंडपवाल्याने दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड टाकला होता आणि ॲम्पची तीन पिनांची वायर कशीबशी त्यात बसवली होती. मुलगा गिटार घेऊन माईकजवळ गेला, ओठ माईकला लागले आणि तो ओरडून मागे पडला. ओठ भाजल्यासारखा लाल झाला होता, एवढ्यावरच निभावलं. तो आवाज मात्र मी विसरलेले नाही.

असं का झालं? गिटारच्या तारा वायरच्या जाळीतून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि आत थोडी जरी गळती असेल, तर सांगाडा 'जिवंत' होतो आणि त्याबरोबर तारा. दुसरीकडे माईक साऊंड सिस्टीममार्फत अर्थ झालेला. मुलाचा हात तारांवर, ओठ माईकवर, मधली वाट त्याच्या शरीरातून. ब्रिटनच्या स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ मध्ये स्वान्सीला कार्यक्रम चालू असताना अर्थिंग नसलेल्या माईकचा धक्का बसून गेला. वीज कोणत्या बाजूने शिरते याने फरक पडत नाही.

१९६० च्या दशकातले बरेच अमेरिकन ॲम्प मुळातच दोन पिनांचे होते. त्यांत विजेची लाईन आणि सांगाडा यांच्यामध्ये एक कपॅसिटर असायचा. दुरुस्ती करणारे त्याला सरळ 'डेथ कॅप' म्हणतात. असा ॲम्प घेतलाच, तर जाणत्या कारागिराकडून तो कपॅसिटर काढून, तीन पिनांची वायर बसवून, मगच मुलाच्या हातात द्या. संमेलनात ॲम्प आणि साऊंड सिस्टीम एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवरून घ्या, त्या लाईनवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी असू द्या. 'घुं घुं आवाज येतो' म्हणून कोणी अर्थची पिन काढायला निघाला तर त्याला मंचावरून खाली पाठवा. मी पाठवते.

आणखी एक. ॲम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. मुलांना 'आत काय आहे बघू' ही हौस असतेच. मागचं झाकण उघडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

बाकी थोडक्यात. ट्विन साधारण २९ किलोचा, डीलक्स १९ च्या आसपास. बदलापूरहून ठाण्याला कार्यक्रमाला जाताना तो लोकलच्या लगेज डब्यात चढवायचा आहे, हे डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात दमट हवेने सॉकेटचे संपर्क खराब होतात, तेव्हा ॲम्प जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. आणि पैसे बेताचेच असतील तर व्हॉल्व्हची नक्कल करणारे डिजिटल ॲम्प आता खरंच चांगले निघतात. हेडफोन लावता येतो, शेजारी खूश. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मी तर तोच घ्या म्हणेन, कोणी शुद्धतावादी रागावला तरी चालेल.

त्या वडिलांना हे सगळं सांगितलं. ट्विनचा विचार त्यांनी सोडला. मुलगा थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "बाई, पाच वॉटवालापण गुरगुरतो का?" येत्या शनिवारी बापलेक मुंबईला धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जाणार आहेत. मी एवढंच बजावलंय : गिटार स्वतःची न्या, दुकानातली चकचकीत गिटार हातात घेऊ नका, आणि ॲम्प आधी अगदी हळू वाजवून ऐका.