श्रम, व्यायाम आणि हृदय

हृदयविकार हा बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, अशी समजूत शहापूर-मुरबाडच्या गावांतून, पाड्यांतून आणि बौद्धवाड्यांतूनही पक्की रुजलेली आहे. ज्याची हाडे रोज झिजतात त्याला कसला हार्टचा आजार, असे म्हातारी माणसे विचारतात. कष्टकऱ्याच्या छातीत कळ आली तर ती वाताची ठरते, नाहीतर ओझे उचलताना भरलेल्या उसणीची. ओवा चघळायला दिला जातो आणि सकाळची वाट पाहिली जाते. ही समजूत निव्वळ अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे आणि ते विज्ञानानेच सिद्ध केलेले आहे. उरलेले अर्धे सत्य मात्र आमच्या माणसांपर्यंत कोणी आणलेले नाही. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. पण या रोगाचे मूळ जितके शरीरात आहे तितकेच समाजव्यवस्थेतही आहे, म्हणून हे लिहितो आहे.

शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध आधुनिक संशोधकांना प्रथम स्पष्ट दिसला तो व्यायामशाळेत नव्हे, तर कामगारांत. जेरी मॉरिस हे गरीब ज्यू स्थलांतरिताच्या घरात जन्मलेले, ग्लासगो शहरात वाढलेले डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांची पाहणी केली. ती १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लंडनची बस दुमजली. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे फाडत दिवसाकाठी पाचशे-सहाशे पायऱ्या चढणारा. दोघेही एकाच कामगारवर्गातले. पण हृदयविकार चालकांत जास्त आढळला आणि वाहकांत कमी. आणि वाहकाला तो झालाच तर उशिरा आणि कमी घातक स्वरूपात होई. टपाल खात्यातही तेच दिसले. पत्रे वाटत हिंडणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाला धोका अधिक होता.

मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. मुळात जाडी माणसेच चालकाच्या कामावर जात असतील तर? म्हणून त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापे तपासली. नोकरीला लागतानाच चालकांची कंबर वाहकांपेक्षा रुंद होती! हे त्यांनी १९५६ साली स्वतःच प्रसिद्ध केले. आपल्याच निष्कर्षावर शंका घेण्याची ही वृत्ती आपल्याकडच्या विद्वानांत फारशी आढळत नाही. पुढे अनेक पाहण्यांनी मूळ निष्कर्ष टिकाऊ असल्याचे दाखवले, पण तो इतका सरळ नाही हेही त्या विजारींनी सांगून ठेवले होते.

त्यानंतरचे मोठे काम अमेरिकेतले. राल्फ पाफेनबार्जर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ६,३५१ गोदी कामगारांचा २२ वर्षे मागोवा घेतला आणि १९७५ साली निष्कर्ष मांडले. अवजड माल हलवणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू हलकी कामे करणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे होते. म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांचे म्हणणे खरेच ठरले म्हणायचे. पण हे गोदी कामगार कोण होते हे विसरता कामा नये. १९३४ च्या मोठ्या संपातून त्यांची बलाढ्य संघटना उभी राहिली होती. त्यांचे काम जोराचे होते, पण थांबून थांबून होणारे. आणि पोटाला पुरेल असा पगार होता.

ज्यांच्या श्रमावरून हे ज्ञान मिळाले, त्यांच्याकडून ते हळूहळू पांढरपेशांच्या हाती गेले. श्रमाचा 'व्यायाम' झाला. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करायला सांगते. त्या हिशेबाने लावणीच्या दिवसांतली आमची बाई आठवड्याचा हिशेब सोमवारीच चुकता करते. मग तिचे हृदय सर्वांत निरोगी असायला हवे.

या प्रश्नाला डेन्मार्कमधून आलेले उत्तर अस्वस्थ करणारे आहे. आंद्रेआस होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगनमधील एक लाख चार हजार प्रौढांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेऊन २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. उलट, ज्यांची नोकरीच अत्यंत कष्टाची होती त्यांच्यात ते २७ टक्क्यांनी जास्त होते, आणि हृदयविकार व पक्षाघाताचे मोठे झटके ३५ टक्क्यांनी जास्त. घाम तोच, परिणाम उलटा.

असे का व्हावे? चालणे, पळणे, पोहणे यांत स्नायू लयीत आकुंचन पावतात आणि सैल होतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकते, आणि मग विश्रांतीच्या वेळी नाडी संथ चालते. मुख्य फायदा या विश्रांतीत पदरात पडतो. डोक्यावर किंवा पाठीवर वजन पेलून धरताना स्नायू आवळलेले राहतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तदाब चढतो. अर्धा तास चढला आणि उतरला तर बिघडत नाही. दहा-दहा तास, भर उन्हात, अपुऱ्या पाण्यावर, महिनोन् महिने तो चढाच राहिला तर धमन्यांच्या अस्तराला इजा होते. व्यायाम करणारा दमला की थांबतो. मजुराला दमल्यावर थांबता येत नाही. माझ्या मते सगळा फरक या एका वाक्यात आहे.

दिवाळीनंतर शहापूर आणि मुरबाडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पहाटेच्या अंधारात चिखल तुडवण्यापासून दिवस सुरू होतो. किती विटा पाडायच्या हे उचलीचा आकडा ठरवतो, शरीर नव्हे. जात नुसती कामे वाटत नाही, ती माणसांनाच कामाला कायमचे जखडते आणि निवडीचा अधिकार काढून घेते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त दाखवून दिले. तेव्हा तो मुद्दा न्यायाचा आणि अर्थव्यवहाराचा होता. आता नाडीचे ठोके मोजणारे शास्त्रही निवडीपाशीच येऊन थांबले आहे, असे मला दिसते.

पाण्याचेही तसेच. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. भातसा धरण एकटे मुंबईच्या सुमारे निम्म्या पाण्याचा भार उचलते. दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतो. बाया डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरून हंड्यावर हंडा ठेवून चढ चढतात. मुंबईत सातव्या मजल्यावर तेच पाणी पंप चढवतो आणि तिथला माणूस हृदयासाठी जिना चढतो!

या हंड्याचा संबंध पुढच्या पिढीच्या हृदयाशीही पोचतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. डॉ. शोभा राव यांनी त्यातल्या स्त्रियांच्या कामाचे, म्हणजे शेतातले काम, पाणी भरणे, धुणे यांचे, मोजमाप केले. ज्या स्त्रियांना गरोदरपणात जास्त कष्ट पडले त्यांची बाळे वजनाने कमी भरली, हे २००३ साली प्रसिद्ध झाले. आणि इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ सालीच दाखवले होते की जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वाधिक होते. माझ्या पिढीला हे फार लागू आहे. हंडे वाहणाऱ्या आईच्या पोटी जन्मलो, शिकलो, आणि घराण्यातल्या पहिल्या खुर्चीवर बसलो. खुर्ची सुटू नये म्हणून उठायलाही नको वाटते. अशा शरीरात वजन थोडे वाढले तरी साखर आणि दाब लवकर वाढतात. बावन्न देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका ५३ च्या आसपास आला, इतरांना ५९ च्या आसपास. तेव्हा माझ्यासारख्यांनी संध्याकाळी चालायला जावे, त्यात साहेबीपणा नाही.

डेन्मार्कच्या निष्कर्षावर आक्षेपही आहेत. कष्टाची कामे करणारे गरीब असतात, तंबाखू जास्त खातात-ओढतात, तेव्हा दोष श्रमाचा की दारिद्र्याचा? नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात शिक्षण, धूम्रपान वगैरे हिशेबात घेतल्यावर कष्टाचा तोटा पुरुषांत दिसेनासा झाला. 'प्युअर' नावाच्या १७ देशांतील अभ्यासाने तर २०१७ साली म्हटले की कामाच्या निमित्ताने झालेली हालचालही हृदयाला हितकारकच आहे. त्या अभ्यासात भारतही होता. आक्षेप वजनदार आहेत. परंतु आमच्या मजुराच्या बाबतीत श्रम एका पारड्यात आणि दारिद्र्य दुसऱ्या पारड्यात घालून तोलायचे कसे? ती दोन्ही एकाच उचलीच्या कागदावर येतात.

त्याच 'प्युअर' अभ्यासाचा २०१४ चा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हृदयविकाराला कारणीभूत होणारे घटक श्रीमंत देशांत जास्त आणि गरीब देशांत कमी होते. तरीही त्या रोगाने मृत्यू गरीब देशांतच अधिक झाले, कारण तिथे उपचार पोचत नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांच्या समजुतीचे उरलेले अर्धे ते हे. मजुराला झटका येण्याचा संभव कदाचित कमी असेल, पण आला तर त्यातून वाचण्याचा संभव त्याहून कमी.

म्हणून पाड्यापाड्यांवर जी आरोग्य शिबिरे भरतात, त्यांत निदान दोन गोष्टी कराव्यात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजावा, तो काटक दिसला तरी. आणि मशेरी, तंबाखू व विडीबद्दल स्पष्ट विचारावे. आणि गावाने हे लक्षात ठेवावे: छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे दुखत असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, थंड घाम सुटला असेल, धाप लागत असेल, तर ओव्याची वाट पाहू नये. बायांमध्ये नुसती धाप, मळमळ आणि गळाठाही असू शकतो. अशा माणसाला चालवत रस्त्यापर्यंत नेऊ नये, बसवून ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटे लागतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे उपयोगी पडते आणि प्रत्येक तासाला त्याचा गुण कमी होत जातो. रात्री दहाला दुखू लागले आणि सकाळी सहाच्या एस.टी.ने निघालो, तर ते तास घरातच संपलेले असतात.