एकशे चौऱ्याऐंशी परार्ध ग्रह आणि एक शनिवार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्याच्या थैलीत सात फासे असतात. ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक, शिवाय १० बाजूंचे दोन. सातही एकदम टाकले, तर ते किती वेगवेगळ्या तऱ्हांनी पडू शकतील? ४६ लाख ८ हजार. मूठभर प्लास्टिकसाठी हा आकडा बराच मोठा वाटतो, पण या छंदात ही चिल्लर आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. पहिली आवृत्ती होती अवघ्या १,००० प्रतींची. त्या मूळ नियमांत पात्राचे सहा गुण फाशांवर ठरत. ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. बेरीज १८ येणं म्हणजे कमाल. ती २१६ वेळांत सरासरी एकदा येते. सहाच्या सहा गुणांत १८ येण्याची शक्यता मात्र सुमारे १०१ लाख कोटींत एक. झोप, जेवण सगळं सोडून एखादा माणूस दर मिनिटाला एक पात्र तयार करत बसला, तर असं सर्वगुणसंपन्न पात्र हाती यायला सरासरी १९ कोटी वर्षं लागतील. डायनासोरांच्या काळात बसला असता, तर एव्हाना कुठे उरकलं असतं. तरीही जवळपास प्रत्येक कंपूत “घरी टाकले होते, सगळे अठरा आले” असं सांगणारा एक जण निघतोच. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा डीएम, अशा वेळी नुसता हसतो आणि फासे पुन्हा त्याच्या हातात ठेवतो.

व्हिडिओ गेममध्ये आल्यावर शून्यं आणखी वाढतात. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ लिहिला. त्या यंत्राची मेमरी होती ३२ किलोबाइट; आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. ग्रहांची यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून दोघांनी यादी न साठवता ती तयार करणारं गणित साठवलं. एक छोटी संख्या बी म्हणून घ्यायची, ठरावीक आकडेमोड करायची आणि ग्रहाचं नाव, तिथलं सरकार, बाजारभाव सगळं जागच्या जागी उगवायचं. बी तेच असेल, तर ग्रहही दर वेळी तोच. या युक्तीने सुमारे २८१ लाख कोटी दीर्घिका देता आल्या असत्या. प्रकाशकांनी मात्र त्यांना रोखलं. इतका पसारा दाखवला, तर सगळं सारखंच आहे हे उघडं पडेल, अशी त्यांची शंका होती. शेवटी दीर्घिका उरल्या आठ, प्रत्येकीत २५६ ग्रह.

२०१६ साली आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ने तेच तंत्र वापरलं आणि यंत्राला मोकळं सोडलं. या खेळातल्या ग्रहांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. आपल्या जुन्या मोजणीतली शेवटची पायरी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. हे झाले १८४ परार्धांहून जास्त. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, मग दर घरी दुप्पट, अशी राजाला भिकेला लावणारी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या ६४ घरांतले सगळे दाणे मिळून जी संख्या होते, तिच्यापेक्षा हे ग्रह बरोबर एकाने जास्त आहेत. कारण साधं आहे: बी ६४ बिटांचं आणि प्रत्येक बिट म्हणजे एक दुप्पट. एका ग्रहावर एकच सेकंद थांबायचं ठरवलं, तरी फेरी पुरी व्हायला सुमारे ५८,४५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजचं वय आहे १,३८० कोटी.

‘माइनक्राफ्ट’चं जग त्यामानाने आटोपशीर. मध्यापासून चारही दिशांना तीन कोटी ठोकळे, एक ठोकळा एक मीटरचा. क्षेत्रफळ पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सातपट. मध्यापासून कडेपर्यंत न थांबता चालत गेलात, तर ८० दिवस. आणि हे झालं एका बीचं जग; बी बदललं की नवं जग.

असा अफाट पसारा यंत्राला जड जात नाही, कारण तुम्ही जिथे बघता तेवढाच तुकडा ते घडवतं. त्याची दमछाक माणसं जमल्यावर होते. आइसलँडमध्ये तयार झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात २७ जानेवारी २०१४ रोजी एका आघाडीकडून एका ताऱ्याच्या ताब्याचं ठरलेलं बिल भरायचं राहिलं. शत्रूने ते हेरलं आणि लढाई पेटली. एकूण ७,५४८ खेळाडू उतरले आणि झुंज सुमारे २१ तास चालली. ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. सर्व्हरला हा भार पेलावा म्हणून खेळातला काळ एक दशांश वेगाने चालवला गेला. हजारो ताऱ्यांचं आकाश सहज पेलणारं यंत्र काही हजार माणसांपुढे असं रांगायला लागलं.

खेळणाऱ्याचं गणितही माणसांपाशीच अडतं. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या एकट्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात २०२४ या वर्षात १८ हजारांहून जास्त नवे खेळ आले, म्हणजे रोजचे पन्नास. ते सगळे खेळणं कोणालाच शक्य नाही, त्यामुळे त्याची खंतही वाटत नाही. टेबलावरच्या खेळाला लागतात एका संध्याकाळी मोकळी असलेली पाच माणसं, आणि तुटवडा असतो तो त्यांचा. एकाची शिफ्ट, दुसरीच्या मुलाची परीक्षा, तिसऱ्याकडे पाहुणे. डीएम कायम हजर आहे आणि प्रत्येक खेळाडू शनिवारी मोकळा असण्याची शक्यता निम्मी आहे, असं धरा. पाचही जण एकाच शनिवारी मोकळे सापडण्याची शक्यता ३२ मध्ये एक. वर्षाचे शनिवार ५२. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम दीड बैठक पदरात पडते. डायनासोर नाही, परार्ध नाही, बत्तीस एवढ्याशा संख्येने कित्येक मोहिमा अर्ध्यावर मारल्या आहेत. कॅनडातले इतिहासाचे एक प्राध्यापक १९८२ पासून आपल्या टेबलावर एकच गोष्ट चालवत आले आहेत. हा हिशेब मांडल्यावर ती चार दशकं भल्याभल्या दीर्घिकांना भारी पडतात.

यावर मुरलेल्या कंपूंनी काढलेला उपाय फार साधा आहे. सगळे जमले तरच खेळायचं, हा हट्ट सोडायचा. पाचांपैकी तिघं आले की फासे काढायचे. जो आला नाही, त्याचं पात्र त्या रात्री तापाने फणफणलं असं समजायचं. आता पुन्हा मोजा. किमान तिघं मोकळे असण्याची शक्यता निघते ३२ पैकी १६, म्हणजे दर दुसरा शनिवार. वर्षाला दीड बैठकीच्या २६ बैठका होतात, आणि त्यासाठी एकाही खेळाडूला एक संध्याकाळसुद्धा जास्तीची काढावी लागत नाही.